गंगाकाठची सकाळ आणि आपल्या देवळाची पायरी

(कलशारोहणाच्या दिवशी सभामंडपात केलेले भाषण. जीर्णोद्धार समितीच्या सांगण्यावरून लिहून दिले आहे.)



मी काही वक्ता नाही. तहसील कचेरीत कारकुनी करणारा, दहावीपर्यंत शिकलेला माणूस. आवक-जावक बारनिशी लिहिताना माझा हात थांबत नाही, पण चार माणसांसमोर उभे राहिले की जीभ अडखळते. समितीने मला जीर्णोद्धाराच्या जमाखर्चावर बोलायला सांगितले होते. परंतु जमाखर्च स्मरणिकेत शेवटच्या पानांवर पैशा-पैशाने छापला आहे. ज्याला पाहायचा असेल त्याने घरी निवांत पाहावा, चूक सापडली तर मला येऊन सांगावी. आज मी आपल्याला त्या जमाखर्चात कोठेच न बसलेली एक गोष्ट सांगणार आहे. ती घडली काशीला, गंगेच्या काठी, एका सकाळी. तिचा आपल्या या देवळाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, तो शेवटी सांगतो. तोवर आपण सर्वांनी मला सांभाळून घ्यावे.

प्रथम आपल्या घरची गोष्ट. २०२३ चा पाडवा आपल्या सर्वांना आठवत असेल. शिखराचे काम निम्म्यावर आले होते. गवंडी मंडळी मन लावून काम करीत होती. आणि पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी देणगीदारांच्या संगमरवरी पाटीवरून वाद निघाला. कोणाचे नाव वर, कोणाचे खाली, कोणाचे अक्षर मोठे, कोणाचे बारीक. बैठकीवर बैठका झाल्या. शेवटी काम बंद पडले ते थेट दिवाळीपर्यंत. आठ महिने शिखराभोवती परांची तशीच उभी होती, तिच्यावर कावळे बसत होते. बाहेरगावचा पाहुणा आला की विचारी, "देवळाचं काय झालं हो?" आणि आपण खाली मान घालून दुसरा विषय काढीत होतो.

या वादात कोण कोण होते, त्यांची नावे मी घेणार नाही. एक नाव मात्र घेतले पाहिजे, ते माझे स्वतःचे. पावतीपुस्तक माझ्याकडे होते. मी वडिलांच्या स्मरणार्थ एकवीस हजार रुपये दिले होते. आमच्या वडिलांनी तीस वर्षे या देवळात सांजेची दिवाबत्ती केली, हे आपण जाणताच. म्हणून त्यांचे नाव पहिल्या ओळीत हवे, असा माझा हट्ट होता. लाख-लाख रुपये देणाऱ्यांचे म्हणणे, पाटी देणगीच्या क्रमाने हवी. मी म्हणे, तीस वर्षांच्या तेलाचा हिशेब कोणी केला? त्यांचेही खरे आणि माझेही खरे. दोन खरी बोलणी एकमेकांसमोर उभी राहिली आणि देव मध्ये उघड्यावर राहिला.

आता आणखी एक गोष्ट पाहा. शिखराला देणगीदार मिळाला, गाभाऱ्याच्या दरवाजाला मिळाला, नंदीला, घंटेला, फरशीला, सगळ्यांना मिळाला. समितीच्या यादीत फक्त एका कामापुढे शेवटपर्यंत कोरी जागा होती. देवळापासून नदीपात्रात उतरणाऱ्या पायऱ्या. कारण उघड आहे. पायरीवर नाव कोठे घालणार? घातले तर त्यावर पाय पडणार आणि पावसाळ्यात सीनेला पाणी आले की गाळाखाली जाणार. ती कोरी जागा माझ्याच हस्ताक्षरातील यादीत होती. मी ती शंभर वेळा पाहिली असेल, पण मला तिचे काही वाटले नाही.

अशा मनःस्थितीत दिवाळी झाली आणि आईने काशीचा विषय काढला. वडील गेल्यापासून तिच्या मनात ते होते. दर वर्षी मी म्हणे, पुढच्या वर्षी जाऊ. कधी निवडणुकीचे काम, कधी पीकपाहणी, कधी मार्चअखेर. त्या वर्षी ती एवढेच म्हणाली, "माझे गुडघे पुढच्या वर्षाची वाट बघनात." मी त्याच दिवशी रजेचा अर्ज दिला. घरात कांद्याच्या लागणीची धांदल होती, त्यामुळे सौभाग्यवती मागे राहिली. आम्ही मायलेक एसटीने नगरला, तेथून मनमाडला आणि मनमाडहून रेल्वेने काशीला निघालो. आईने बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि वडिलांचा एक जुना पंचा घेतला होता. पंचा कशाला, ते मी विचारले नाही.

कार्तिक महिना होता, त्रिपुरी पौर्णिमा चार दिवसांवर आली होती. कार्तिकस्नानासाठी काशीत चहूकडून माणसे आलेली. आम्ही दशाश्वमेध घाटाजवळच्या एका गल्लीत धर्मशाळेत उतरलो. पहाटे साडेचारला उठून निघालो. गल्ली इतकी अरुंद की समोरून गाय आली तर माणसाने ओट्यावर चढावे. एका कोपऱ्यावर मातीच्या कुल्हडात चहा घेतला. आई म्हणाली, "भांडं बरं आहे, पण चहा दोन घोटांत संपतो." गल्ली संपली आणि एकदम आभाळ दिसले. खाली पायऱ्या, पायऱ्यांच्या टोकाला अंधार, आणि त्या अंधारातून पाण्याचा गार वास.

बंधूंनो, काशीची सकाळ वेगळी का, हे मला तेथे गेल्यावर समजले. गंगा हिमालयातून निघून पूर्वेकडे समुद्राला जाते, हे आपण शाळेत शिकलो. पण काशीपाशी ती वळण घेऊन उत्तरेकडे वाहते. गाव वसले आहे तिच्या पश्चिम काठावर. म्हणजे सगळे घाट पूर्वेला तोंड करून बसले आहेत. अस्सी घाटापासून राजघाटाच्या पुढेपर्यंत चौऱ्याऐंशी घाट मोजतात, ते सगळे नदीच्या वळणाबरोबर चंद्रकोरीसारखे वाकलेले. आणि समोरच्या काठावर काय? काही नाही. मोकळी रेती. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाते, त्यामुळे तेथे गाव वसले नाही. अलीकडे मंदिरे, वाडे, धर्मशाळा यांची दाटी आणि पलीकडे मोकळे आकाश. सूर्य त्या मोकळ्या बाजूने वर येतो. त्याच्या आड ना घर, ना डोंगर.

दशाश्वमेधावर फार गर्दी होती. घाटावरचे पुरोहित लाकडी चौक्या मांडून मोठ्या छत्र्यांखाली बसलेले. कोणी संकल्प सांगतो आहे, कोणी गंध लावतो आहे, कोणी द्रोणात दिवा ठेवून पाण्यात सोडतो आहे. खालच्या काही पायऱ्यांवर पुराचा गाळ अजून होता. कामगार नळीने पाणी मारून तो धूत होते. आईला त्या गर्दीत उतरता येईना. मी तिचा हात धरून उजवीकडे, दक्षिणेच्या बाजूला चालू लागलो. शीतला घाट ओलांडल्यावर थोडी मोकळी जागा मिळाली. आई दम घ्यायला एका पायरीवर बसली. वर मोठा दगडी वाडा दिसत होता. जवळच एक नाववाला वल्हे धूत होता. मी त्याला विचारले, "ये कौन सा घाट है?" तो म्हणाला, "अहिल्याबाई का."

आईला मी सांगितले, "आई, हा अहिल्याबाईंचा घाट." तिला आधी कळेना. म्हणाली, "कोणती अहिल्याबाई? चौंडीची?" मी म्हणालो, "तीच." तर ती बसल्या जागी सरकली, पायरीवर दोन्ही हात टेकवले आणि हात कपाळाला लावले. गंगेला नमस्कार करायच्या आधी तिने पायरीला नमस्कार केला.

मंडळी, चौंडी आपल्यापासून फार लांब नाही. आपल्याच सीनेच्या काठचे ते गाव. १७२५ मध्ये तेथे जन्मलेली ही मुलगी. पुढे पती गेले, सासरे गेले, एकुलता मुलगा गेला, आणि तिने महेश्वरी नर्मदेच्या काठी बसून राज्य चालविले. १७८० मध्ये काशी विश्वेश्वराचे मंदिर तिने पुन्हा उभे केले. सोमनाथ, गयेचे विष्णुपद मंदिर, आपल्या वेरूळचे घृष्णेश्वर ही तिचीच कामे. जीर्णोद्धार हा शब्द आपण दोन वर्षे तोंडात घोळवीत आहोत, तो तिच्या हातून किती ठिकाणी घडला याची गणती नाही. २०२५ मध्ये तिच्या जन्माला तीनशे वर्षे झाली. आपल्या जिल्ह्यालाही आता तिचेच नाव आहे.

परंतु मी पाहत होतो ते वेगळेच. त्या पायरीवर एक धोतर नेसलेला म्हातारा दात घाशीत होता. दोन मुले ओले कपडे पिळीत होती. एक बाई बाळाला अंगावर पाजीत होती. एक कुत्रे अंगाचे मुटकुळे करून झोपले होते. त्या घाटाला अहिल्याबाईंचे नाव आहे हे खरे, पण त्या वेळी तेथे बसलेल्यांपैकी कोणाच्याच ते मनात नव्हते. त्यांना पायरी हवी होती आणि ती त्यांच्या पायाखाली होती. दोनशेपेक्षा जास्त वर्षे दर पावसाळ्यात गंगेचा पूर तिच्यावरून जातो, आणि गाळ धुतला की ती पुन्हा कामाला लागते.

आता आईला पाण्यात उतरायचे होते. मी पुरुष माणूस, शेजारी बायका स्नान करीत होत्या. मला पुढे जायला संकोच वाटू लागला. पायरी ओली, आईचे गुडघे वाकत नव्हते. ती एका पायरीवर उभी राहून खालच्या पायरीकडे बघत होती, जशी विहिरीत बघावी तशी. तेवढ्यात एक वयस्क बाई जवळ आल्या. आंध्रकडच्या असाव्यात. त्यांचे तेलुगू आम्हाला कळेना, आमचे मराठी त्यांना कळेना. "अम्मा, अम्मा" एवढेच कळले. त्यांनी आईचा डावा हात आपल्या खांद्यावर घेतला, आणि दोघी म्हाताऱ्या एक एक पायरी मोजत खाली गेल्या. कमरेएवढ्या पाण्यात दोघींनी एकमेकींचे हात घट्ट धरले आणि एकदमच बुडी मारली.

त्या वर आल्या आणि त्याच वेळी पलीकडे सूर्य वर आला. सव्वासहाची वेळ असेल. काशी आपल्या बरीच पूर्वेला, म्हणून त्या दिवसांत तेथे आपल्यापेक्षा पंधरा-वीस मिनिटे आधीच उजाडते. आधी रेतीच्या वर एक करडी रेघ होती. मग ती तांबूस झाली. मग कुंकवाचे बोट टेकवावे तसा एक ठिपका, आणि बघता बघता पूर्ण गोळा. इतका सौम्य की डोळे उघडे ठेवून बघावा. पाण्यावर लाल वाट पडली, ती थेट आमच्या पायरीपर्यंत आली. हिवाळ्यात दूर उत्तरेकडून येणारे पांढरे पक्षी त्या वाटेवर उतरत होते, लोक त्यांना शेव टाकत होते. एका क्षणी सगळ्या घाटांवर हात वर झाले. जेथपर्यंत नजर जाई तेथपर्यंत ओंजळी, आणि ओंजळींतून पडणारे पाणी लाल.

मी उजवीकडे पाहिले, डावीकडे पाहिले. राजांनी बांधलेले घाट होते, बाजूलाच धोबी दगडावर कपडे आपटीत होते. पुढे मणिकर्णिकेवर चितेचा धूर होता. सूर्याचा प्रकाश सगळ्यांवर एकदमच आला. कोणाला आधी नाही आणि कोणाला नंतर नाही. मला आपल्या संगमरवरी पाटीची आठवण झाली. खरे सांगतो, मला तेथल्या तेथे लाज वाटली.

तरीही मनातला हट्ट सहज जात नाही. स्नान झाल्यावर मी एका पुरोहितांकडे वडिलांच्या नावाने संकल्प करायला बसलो. त्यांनी नाव विचारले, गोत्र विचारले. मी वडिलांचे नाव मोठ्याने सांगितले, आजोबांचेही सांगितले, गाव, तालुका, जिल्हाही सांगितला. ते हसले, म्हणाले, "गंगाजी को पिनकोड नहीं चाहिए." त्यांनी नाव उच्चारले, पळीभर पाणी सोडले आणि ते पाणी पाण्यात गेले. आईने पिशवीतून वडिलांचा पंचा काढला, गंगेत भिजवला, पिळला आणि पुन्हा पिशवीत ठेवला. एवढ्यासाठी तिने तो आणला होता.

मग आम्ही त्या नाववाल्याच्या नावेत बसलो. पुष्कळ नावांना आता सीएनजीवर चालणारी यंत्रे बसवली आहेत, पण त्याने वल्ही मारतच नेले. त्याने एक एक घाट दाखविला. दशाश्वमेध घाट १७४८ मध्ये बाळाजी बाजीराव पेशव्यांनी बांधून काढला, असे सांगतात. पुढे मणिकर्णिका, शिंदे घाट, नागपूरकर भोसल्यांचा घाट, पंचगंगा. आपली मराठी माणसे हजार मैलांवर जाऊन किती दगड बसवून आली आहेत! एकनाथ महाराजांनी आपले भागवत १५७३ मध्ये काशीतच पूर्ण केले. शिंदे घाटापाशी एक देऊळ कललेले दिसले, निम्मे गाळात गेलेले. एकोणिसाव्या शतकात बायजाबाई शिंद्यांनी हा घाट बांधायला घेतला, तेव्हा बांधकामाचा भार खालच्या जमिनीला पेलवला नाही, आणि ते खचले. मोठ्या माणसांच्याही कामाला पाया विचारूनच बांधावे लागते, हे तेथे डोळ्यांनी दिसते.

गंगेचे सगळेच छान, असे मी म्हणणार नाही. निर्माल्य तरंगत होते, प्लास्टिकच्या पिशव्या होत्या, एका ठिकाणी नाल्याचा वास आला. गंगा स्वच्छ करण्याची योजना १९८६ मध्ये काशीतूनच सुरू झाली, २०१४ पासून नमामि गंगे योजना चालू झाली, कोट्यवधी रुपये खर्च झाले. तरी वरून हार टाकणारा हात थांबत नाही तोवर काय होणार? आईने आपल्या हातातली फुले पाण्यात न टाकता पायरीच्या कडेला ठेवली. म्हणाली, "तिला कशाला आणखी कचरा?"

नावेतच मी आईला म्हणालो, "परत गेल्यावर पाटीचं एकदा मिटवून टाकतो. बाबांचं नाव पहिल्या ओळीत आलं म्हणजे झालं." ती सूर्याकडे बघत बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "तुझा बाप तीस वर्षं दिवा लावायचा. तेलाच्या बाटलीवर नाव लिहून ठेवायचा काय रे?"

मी गप्प बसलो. मग ती म्हणाली, "त्याच्या नावानं करायचंच तर पायऱ्या कर. मी दोन वर्षं झाली आपल्या नदीवर उतरले नाही."

बंधू-भगिनींनो, हे मला माहीत नव्हते. देऊळ माझ्या घरापासून शंभर पावलांवर. पावतीपुस्तक माझ्या टेबलावर. आणि माझी आई दोन वर्षे वरच्या कठड्यापाशी उभी राहून नदीला हात जोडून परत येत होती. कारण आपल्या जुन्या पायऱ्या चौदा, प्रत्येक फूटभर उंच आणि मधल्या तीन निखळलेल्या. तिने कोणाला सांगितले नाही. गावातल्या आणखी किती म्हाताऱ्या तशाच परत जात होत्या, देव जाणे. त्या नऊशे मैलांवरच्या नदीत तिला परक्या बाईने हात दिला आणि घरच्या नदीवर तिच्या मुलाने दिला नव्हता.

नाथांची गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. रामेश्वराला वाहायची गंगेची कावड त्यांनी वाळवंटात तहानलेल्या गाढवाच्या मुखात ओतली, आणि म्हणाले, रामेश्वराला पोचली. गोष्ट ऐकून आपण मान डोलावतो. माझ्यावर वेळ आली तेव्हा मी कावड घेऊन पाटीच्या पहिल्या ओळीकडे चाललो होतो, आणि तहानलेले माणूस माझ्याच घरात होते.

आणि पंढरपूरला काय आहे? महाद्वारात नामदेव पायरी आहे. ज्यांच्या कीर्तनाला प्रत्यक्ष विठ्ठल उभा राहिला असे आपण मानतो, त्यांनी जागा मागितली ती पायरीची, भक्तांची पायधूळ लागावी म्हणून. आपण रोजच्या बोलण्यात "पायरी ओळखून राहा" असे दटावतो. पण सगळ्यांत मोठ्या माणसाने आपली पायरी ओळखली ती अशी.

गावी परत आल्यावर पहिल्याच बैठकीत मी उभा राहिलो आणि माझी मागणी मागे घेतली. आमच्या वडिलांचे नाव पाटीवर नको, माझे पैसे पायऱ्यांना लावा, एवढेच बोललो. बैठकीत बराच वेळ कोणी काही बोलले नाही. माझ्या विरुद्ध बाजूला ज्यांनी सर्वांत जास्त भांडण केले, ते वडीलधारे गृहस्थ आज या व्यासपीठावर आहेत. ते म्हणाले, "भाऊसाहेब, एकवीस हजारात किती पायऱ्या होतात?" मी म्हणालो, "चार-पाच होतील." ते म्हणाले, "मग बाकीच्या माझ्याकडं लावा. आणि पाटीचा संगमरवर परत पाठवा." तेथून पुढे वाद राहिलाच नाही. हे मी घडवले असे कोणी समजू नये. त्यांचे मन आधीच तयार होते. दाराला कडी नव्हती, फक्त आधी कोणी ढकलायचे हा प्रश्न होता.

पाटीऐवजी काय केले ते आपण पाहताच आहात. दारापाशी एक साधा काळा दगड आहे, त्यावर "समस्त ग्रामस्थ व भाविक" एवढेच आहे. देणगीदारांची नावे या स्मरणिकेत पावतीच्या क्रमाने छापली आहेत, एकाच आकाराच्या अक्षरात. अकरा रुपये देणारी आजीही तेथे आहे. देणगीदारांनी याचा राग मानला नाही, उलट पुण्याच्या मंडळींनी पत्र लिहून पसंती कळवली, याबद्दल मी त्यांना हात जोडतो. आपण दिले नसते तर शिखरही नसते आणि पायरीही नसती. नाव लिहिले नाही म्हणून देणे लहान होत नाही.

आता पायऱ्यांविषयी. जुन्या चौदा होत्या, नव्या अठ्ठावीस आहेत. उंची तेवढीच, पण फुटाऐवजी सहा इंचांनी उतरते. मध्ये टेकायला ऐसपैस ओटा आहे, दोन्ही बाजूंना धरायला लोखंडी कठडा आहे. पायरी बुटकी करायची तर जिना लांब होतो, हे गवंडीबाबांनी दोरी धरून दाखवले. त्यासाठी जागा कमी पडत होती. शेजारच्या शेतकरी बंधूंनी आपल्या बांधालगतची पट्टी न मागता दिली. कागद मीच लिहिला. माझ्या नोकरीत जमिनीच्या वादाचे हजारो कागद हाताखालून गेले, वीतभर बांधासाठी सख्खे भाऊ कोर्टात गेलेले पाहिले. जमीन देण्याचा असा कागद लिहिताना हाताला वेगळेच वाटले. त्यांचे नाव सांगू नये ही त्यांची अट आहे, ती मी पाळतो.

समितीतर्फे दोन विनंत्या आहेत. पहिली, निर्माल्यासाठी ओट्याच्या बाजूला कुंड केले आहे, हार-फुले त्यातच टाकावीत, सीनेत टाकू नयेत. दुसरी, पावसाळा संपला की पायऱ्यांवर गाळ येणार. काशीलाही येतो. दर वर्षी दसऱ्याआधी एक दिवस सगळ्यांनी मिळून तो काढायचा. बांधलेले काम एका समारंभाने पुरे होत नाही. अहिल्याबाईंची पायरी आजवर टिकली ती दगड चांगला म्हणून, आणि दर वर्षी कोणीतरी गाळ धूत आले म्हणूनही.

आता शेवटचे सांगतो. आपलेही देऊळ नदीच्या पश्चिम काठावर, पूर्वेला तोंड करून आहे. आज कलशारोहण म्हणून मी पहाटेच आलो होतो. दिवा लावून बाहेर आलो तर पायऱ्यांवर कोणीतरी उतरत होते. आमची आई होती. एका हातात कठडा, दुसऱ्या हातात वडिलांचा तोच पंचा. मी पुढे जाऊ लागलो तर हाताने थांब म्हणाली. ओट्यावर एकदा टेकली, उठली, आणि अठ्ठाविसाव्या पायरीवर जाऊन पाण्याला हात लावला. सीना काही गंगेएवढी नाही, या दिवसांत गुडघाभर पाणी. पण पलीकडच्या बाभळींच्या मागून सूर्य वर आला तेव्हा त्या पाण्यावरही लाल वाट पडली, आणि ती पायरीपर्यंत आली.

वर आल्यावर मी विचारले, "कशा झाल्यात पायऱ्या?" म्हणाली, "बऱ्या आहेत. कठडा फार गार लागतो."



हर हर महादेव!